जावईबापूंची जागल

भंडारा जिल्ह्यात आजवर जेवढे तारे तुटले, त्यांतले निम्मे तरी आमच्या जावईबापूंना विचारून तुटले असावेत, असे माझे प्रामाणिक मत आहे. जावईबापू म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सानगडीला त्यांचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते. बाकीचे जावई सासरी मानपानासाठी येतात, हे अंधारासाठी येत. सत्तरच्या दशकात सानगडीच्या बाजारात विजेचे खांब लागले आणि त्यांचे आभाळ फिके पडले. आमच्या करडी गावचे खळे वस्तीबाहेर, तिथला अंधार अस्सल. त्यामुळे दर डिसेंबरात, मिथुन राशीतून उल्का पडायच्या सुमारास, ते बहिणीला घेऊन हजर होत. नेमके तेव्हाच खळ्यावर कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे ढीग, रचलेले असत आणि राखणीला कोणीतरी जागलीवर जावे लागे. जावईबापू म्हणाले, "मी जातो नं. मले तसंही जागंच राहायचं हाये." सगळे खूश झाले.

हा जागल्या खाटेवर उताणा पडून फक्त वर बघणार, एवढे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही. पहिल्याच रात्री गावचा सांड पुंजण्याचा एक कोपरा निवांत खाऊन गेला. सकाळी बाबांनी विचारले, "जवाईबापू, सांड तुम्हाले दिसला नाही काय जी?"

"दिसला नाही, पण आवाज आला," हे उल्कांची वही चाळत म्हणाले. "दोन वाजून दहा मिनटं. पण तेवढ्यात उत्तरेकडं एक झकास गेली, तं मी तिकडं पाहून राहिलो होतो."

जावयाला बोलायची सोय नाही, म्हणून बाबांनी सांडाला शिव्या दिल्या.

निरीक्षण सुधारावे म्हणून या माणसाने काय केले नाही! डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून दिवेलागणीपासूनच ते डोळ्यांवर बहिणीच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधत आणि तसेच जेवायला बसत. माझ्या ताटातले वांगे त्या काळात कित्येकदा त्यांच्या पोटात गेले. कंदील लावला तर डोळे बिघडतात, म्हणून अंधारात लिहायचा सराव केला, तर सकाळी एकाच ओळीवर सात ओळी सापडल्या. मग सुतळी आली. साध्या उल्केला एक गाठ, तेजस्वी असेल तर दोन. एका सकाळी आईने ती सुतळी उचलून धानाचे पोते शिवले आणि अख्खी रात्र पोत्याबरोबर बैलबंडीत चढली. जावईबापू सायकल काढून बंडीमागे धावले आणि वाटेत पोते उतरवून, गाठी मोजूनच परतले.

हे सगळे आकडे ते पुण्याच्या एका आकाशप्रेमी मंडळाला पाठवत. आपली नोंद तिथे धरली जावी, एवढी एकच हाव या माणसाला होती. मंडळाचे उत्तर आले, की एकट्याची मोजणी धरता येत नाही, शेजारी दुसरा निरीक्षक हवा. दोन दिवस ते जेवले नाहीत. मला दया आली आणि मी बसलो. सकाळी उठून अकरा उल्का सांगितल्या, त्याही पहाटेच्या. त्या रात्री बारानंतर आभाळ भरून आले होते, हे मला झोपेत कसे कळावे?

खरी तयार नजर बहिणीची होती. ती गोधडी पांघरून त्यांच्या सोबतीला बसे आणि तिला सगळे दिसे. पण आमच्याकडे तारा तुटताना दिसला की "राम राम" म्हणायचे आणि कोणाला सांगायचे नाही. सांगितले तर कोणाचा तरी जीव जातो.

"अवो, कोणत्या दिशेले गेली, तेवढं तं सांग!" हे काकुळतीला येत.

"नाही जी. तुम्हालेच काही झालं म्हंजे?"

शेवटी त्यांनी वहीत वेगळा रकाना केला: 'राम राम – चार'. तो पुण्याला गेला. 'राम राम' हे कोणत्या बनावटीचे उपकरण आहे, अशी मंडळाने आदरपूर्वक विचारणा केली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रिया झाली, पण नजर परतली नाही. तरी डिसेंबरात ते आले. मी हात धरून खळ्यावर नेले, खाटेवर निजवले. हातात सुतळी होती, पण गाठ पडत नव्हती. मला फार वाईट वाटले.

"राम राम," बहीण म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तिकांड्याच्या तीन ताऱ्यावरून गेली. कंदिलावानी होती. मागं धूर ठेवून गेली."

हे उठूनच बसले. "अवो, सांगितलं तू! कोणाचा जीव गेला म्हंजे?"

"न सांगून तुमचाच चालला हाये जी. बांधा गाठ. दोन बांधा."

पहाटेपर्यंत ती सांगत होती आणि हे बांधत होते. एकीचे डोळे आणि एकाच्या गाठी, म्हणजे मंडळाच्या हिशेबी पुन्हा एकच निरीक्षक. ती नोंद त्यांनी पुण्याला पाठवलीच नाही. जावईबापूंना जाऊन आता बरीच वर्षे झाली. बहीण अजून ती सुतळी खुंटीला टांगून ठेवते आणि पोती शिवायला दुसरी विकत आणते.