डिस्कमधलं मुग्गु

आमच्या साखर पेठेत अनिलकुमार येमूल यांना सगळे मास्तर म्हणतात, पण शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नाही. ते डिझाइन मास्तर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादरींच्या कारखान्यात त्यांनी जवळपास उभी हयात काढली. आधी चौकटीच्या कागदावर आणि पुढं कॉम्प्युटरवर ते मोर, हत्ती, गुलाब काढायचे. एक चौकट म्हणजे एक धागा. मास्तरांनी चौकटी भरायच्या आणि मागानं त्या विणायच्या.

बायको नागमणी विड्या वळायची. पहाटे अंगण सारवून झालं की ती दारात मुग्गु काढायची. तेलुगू घरांत रांगोळीला मुग्गु म्हणतात. आधी ठिपके, मग त्या ठिपक्यांना वळसे घालत जाणारी एकच रेघ, हात न उचलता. मास्तर चहाचा कप घेऊन उंबऱ्यात बसायचे आणि बघायचे. दिवसभर दुसऱ्यांसाठी नक्षी काढणारा माणूस, पण ही रेघ पुढं कुठं वळणार ते त्यांना कधी सांगता आलं नाही.

एका संक्रांतीला त्यांनी तिच्या मुग्गुचा फोटो काढला आणि त्यावरून चादरीचं डिझाइन केलं. नागमणीला दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "एवंडी, ह्यावर लोक झोपणार? मग पायाखाली येईल की!" एवंडी म्हणजे अहो. पण त्या दिवशी शेजारच्या चार घरांत जाऊन तीच सांगून आली.

ती चादर मागावर चढलीच नाही. त्याआधीच कारखाना बंद पडला. मालकांना विचारून मास्तरांनी आपली सगळी डिझाइनं एका बाहेरून जोडायच्या डिस्कमध्ये भरून घरी आणली आणि ती डिस्क कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली. पुढं ते टॉवेलच्या एका युनिटमध्ये लागले, मग घरी बसले. गेल्या वर्षी नागमणी गेली. सकाळी भाजी निवडत होती, छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

त्यानंतर दार तसंच राहिलं. झाडायचं काम मास्तर करायचे, पण पुढं काय करायचं ते त्यांना कळायचं नाही. झाडू हातात धरून ते उभे राहायचे.

यंदा संक्रांतीच्या सुमारास पुण्याहून मुलीचा, संस्कृतीचा, फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "नान्ना, अम्माच्या मुग्गुची चादर करणार होता ना तुम्ही? ते डिझाइन आहे का अजून?"

"आहे की. डिस्कमध्ये आहे."

फोन ठेवून त्यांनी लगेच कपाट उघडलं. जुना कॉम्प्युटर चालू केला, डिस्क जोडली. डिस्कचा निळा दिवा लागला, कॉम्प्युटरनं टुंग असा आवाजही दिला, पण पडद्यावर डिस्क काही दिसेना. मास्तरांनी पुढची पिन मागं लावून बघितली. वायर बदलली. मग संस्कृतीचा कॉलेजचा लॅपटॉप काढून त्याला जोडली. तिथं मात्र एक चौकोन उघडला. डिस्क वापरायची असेल तर फॉरमॅट करावी लागेल, करायची का, असं त्यात विचारलं होतं. खाली हो आणि नाही. मास्तरांचं बोट हो वर गेलं होतं. फॉरमॅट म्हणजे पुसणं, हे त्यांना ऐनवेळी आठवलं. त्यांनी वायरच उपटली आणि कितीतरी वेळ ती हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी ते विजापूर वेशीत नाजनीनच्या दुकानात गेले. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान तिच्या नवऱ्यानं, कासीमनं, सुरू केलं होतं. तो ट्रॅव्हल्सच्या गाडीवर जायला लागल्यापासून तीच ते बघायची. मास्तरांनी डिस्क रुमालात गुंडाळून आणली होती.

"काका, हो तर दाबलं नाही ना?" तिचा पहिला प्रश्न.

"नाही दाबलं."

"लई चांगलं केलं. निम्मे लोक तिथंच घालवतात."

तिनं डिस्क जोडून कानाला लावली. आत कट्‌कट् आवाज नव्हता, चकती सरळ फिरत होती. मग तिनं कॉम्प्युटरमधली सगळ्या डिस्कांची यादी उघडली. मास्तरांची डिस्क तिथं होती, पण तिला नाव नव्हतं, आणि आत काय आहे ते कॉम्प्युटरला वाचता येत नव्हतं. नाजनीननं वरचं कव्हर काढलं, आतली डिस्क सोडवून दुसऱ्या डबीत बसवली. डिस्क आणि वायर जोडणारी मधली पट्टी खराब असली तर एवढ्यानं भागतं, असं ती म्हणाली. पण भागलं नाही. पुन्हा तोच चौकोन, तोच प्रश्न.

"आता?"

"आता हिला हात नाही लावायचा. आधी हिची जशीच्या तशी दुसरी डिस्क बनवू. जे काय करायचं ते त्या दुसरीवर. वेळ लागंल, काका. घरी जावा, फोन करते."

मास्तर गेले, पण दुसऱ्या दिवशी परत येऊन बाकावर बसले. तिसऱ्या दिवशीही आले. नाजनीननं चहा मागवला.

"कामाचं काय आहे का त्यात?" तिनं विचारलं.

"कामाचं काही नाही. बायकोची रांगोळी आहे."

थोड्या वेळानं नाजनीननं स्क्रीन त्यांच्याकडं वळवून ठेवली. बसल्या जागी त्यांना हिरवी पट्टी पुढं सरकताना दिसावी म्हणून.

त्या आठवड्यातच फोल्डर दिसायला लागले. मोर आले, हत्ती आले. नाजनीन एकेक उघडत होती आणि मास्तर मान हलवत होते. शेवटी मुग्गुची फाइल सापडली. वरचा भाग स्वच्छ होता, वळसा घालत खाली येणारी रेघ दिसत होती, आणि मग सगळं राखाडी.

नाजनीननं तीन-चार उपाय केले. राखाडी ते राखाडीच राहिलं. "काका, एवढंच राहिलंय," ती हळू आवाजात म्हणाली.

मास्तरांनी त्या राखाडी भागावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "एक फोटो होता. अंगणाचा."

तोही डिस्कमध्येच होता, आणि शाबूत होता. सारवलेलं अंगण, त्यावर पांढरं मुग्गु, आणि कडेला नागमणीची पावलं, बोटांत जोडवी. चेहरा फोटोत आला नव्हता. मास्तर त्या पावलांकडं इतका वेळ बघत राहिले की नाजनीन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.

घरी येऊन त्यांनी डिझाइन नव्यानं भरायला घेतलं. डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते, चौकटी एकमेकींत मिसळायच्या. वरच्या कोपऱ्यात आल्यावर त्यांचा हात थांबला. डिस्कमधून परत मिळालेल्या अर्ध्या फाइलमध्ये तिथं रेघ ठिपक्याच्या डावीकडून गेली होती. फोटोत ती उजवीकडून जात होती, जराशी तिरकी. म्हणजे नागमणी तिथं चुकली होती, आणि तेव्हा डिझाइन करताना त्यांनीच ते सरळ केलं होतं. तिला सांगितलंही होतं. "मांजर आडवी आली, त्याला मी काय करू?" असं ती म्हणाली होती. तिचा तो आवाज इतक्या स्पष्टपणे आठवला की मास्तरांनी वळून स्वयंपाकघराकडं बघितलं.

या वेळी त्यांनी रेघ फोटोतल्यासारखीच ठेवली.

कारखान्यात त्यांच्या हाताखाली असलेला मल्लिनाथ आता गांधीनगरला स्वतःचे माग चालवतो. तो बहुतेक टॉवेलच काढतो, पण चादरीचा एक माग त्यानं मोडीत घातलेला नव्हता. त्यानं डिझाइन बघितलं आणि लगेच बोट ठेवलं.

"मास्तर, हितं रेघ चुकलीय की."

"असू दे."

"असू दे कसं? तुमीच तर आमाला एका चौकटीसाठी ओरडायचा."

"मल्लिनाथ, तशीच विण. एकच पाहिजे."

मल्लिनाथानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मान डोलावली.

चादर आली ती लाल जमिनीवर पांढरी नक्षी घेऊन. मास्तरांनी संस्कृतीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला, पण बराच वेळ ती रडतच होती. "मला द्या ना, नान्ना," ती शेवटी म्हणाली.

"तुलाच आहे. ये आणि घेऊन जा. दोन दिवस राहा."

"मार्चमध्ये येते."

फोन झाल्यावर त्यांनी चादर खाटेवर पसरली आणि तिच्यावरून हात फिरवला. नवी, खरखरीत, खळीचा वास येणारी. कोरी चादर नागमणी कधी अंगाला लागू द्यायची नाही, आधी भिजवायची. मास्तरांनी मोरीत बादली भरली आणि चादर पाण्यात दाबली. पाणी बघता बघता लाल झालं. रंग जाऊ नये म्हणून ती पाण्यात मीठ टाकायची, एवढं त्यांना माहीत होतं. किती टाकायचं ते कधी विचारलं नव्हतं. स्वयंपाकघरातून बरणी आणून त्यांनी एक मूठ टाकली, थोडं थांबून आणखी अर्धी टाकली, आणि ओल्या हातानं बरणी धरून मोरीच्या दारात उभे राहिले.