भुलीआधी रिकामं पोट

पेडण्याची ती बाई इस्पितळाच्या बाकावर माझ्या शेजारी बसून, त्याने काही खाल्लं तर नाही ना म्हणून मुलाचं तोंड सारखं हुंगत होती. मुलगा पंचविशीचा, मतिमंद. दात काढायलाही त्याला पूर्ण भूल लागायची. पोटात काही असलं तर भुलीत उलटी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते.

"तीनदा भूल दिली, तीनदा ह्यो माझो झील धड उठलो," ती म्हणाली. "मी कोणार विश्वास ठेवूक नाय म्हणान."

मुलाला माझ्या शेजारी ठेवून ती आत गेली आणि संमतीपत्रावर सही करून परतली. पुन्हा हुंगलं आणि माझ्याकडे वळली.

"तुमी कायतरी दिलात काय तेका?"

"मी शिकलेला माणूस आहे, बाई." आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

ती बघतच राहिली. शेवटी मी खिशातून बिस्किटाचा पुडा काढला. म्हटलं, "एकच दिलं. हात पुढे केला त्याने."

तिने आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. आली ती शांतपणे म्हणाली, "आता उरलेलीय द्या तेका. आज भूल नाय."