रायनोचे टायर आणि चाकांवरची सौना

रायनो लाहतीला बायको पसंत करायला एक संध्याकाळ पुरली होती. टायर पसंत करायला मात्र पानगळ सरून बर्फ पडला तरी वेळ पुरेना.

त्याच्या पिकअपचे चारही टायर पार टकले झाले होते. त्या गाडीमागे तो स्वतः बांधलेली सौना ओढायचा. चाकांवरची लाकडी खोली, आत शेगडी, वर धुरांडं. आत बसून घाम गाळायचा आणि बाहेर येऊन गोठलेल्या तळ्यातल्या भोकात उडी मारायची, यापरतं सुख मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला दुसरं नव्हतं.

टेकडीच्या पायथ्याशी व्हर्ना माकीचं टायरचं दुकान होतं. रायनो तिथं रोज जायचा. टायर अंगठ्यानं दाबायचा, हुंगायचा, कलिंगड पारखावं तसा थोपटायचा.

"हा मऊ आहे, बर्फाला धरेल. पण मागे सौना लावली की डुलेल. हा दुसरा दणकट, ओझं ओढेल, पण थंडीत दगड होईल. दगडावर बसून घसरू का मी?"

"अरे, दोन्ही जमणारा एक..." व्हर्ना सुरू करायची.

"थांब गं, विचार करू दे."

मग तिची कॉफी संपवून स्वारी घरी. बायको एल्मा वैतागून म्हणायची, "त्या टायरांशीच लग्न लाव. मी येते वरातीत नाचायला."

जानेवारीतल्या एका शनिवारी टेकडीपलीकडच्या तळ्यावर चर्चची जत्रा होती. पाद्रीबाबा नवे, दक्षिणेच्या उबदार मुलखातले. सौना त्यांनी कधी पाहिली नव्हती. एल्माचा भाऊ टोइवो त्यांना टॉवेल गुंडाळून आत घेऊनच बसला.

"दाजी, तुम्ही चला. पोचेपर्यंत आम्ही शिजून तयार!"

"आणि टायर?" एल्मानं विचारलं.

"आजचा दिवस काढतील," रायनो म्हणाला.

अर्धा चढ काढला. मग चाकं जागच्या जागी गरगरली, गाडी क्षणभर थबकली आणि मागे निघाली.

"रायनो, आपण मागे चाललोय."

"दिसतंय मला."

"मग ब्रेक दाब ना!"

"दाबलाय गं बाई! चाकं थांबलीत, गाडी थांबत नाहीये!"

वेलदोड्याचा पाव घेऊन चढणाऱ्या चर्चच्या बायकांनी हात हलवला. बरं दिसणार नाही म्हणून रायनोनंही हलवला. धूर सोडत सौना आधी, पिकअप तिच्यामागून, अशी ती उलटी मिरवणूक थेट व्हर्नाच्या दारातल्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली.

सौनाचं दार उघडलं. बिटासारखा लाल टोइवो ओरडला, "पोचलो! मारा उडी!" पाद्रीबाबांनी डोळे मिटून समोरच्या पांढऱ्यात उडी मारली आणि कमरेपर्यंत रुतून बसले.

"पाणी कुठंय?" त्यांनी कुडकुडत विचारलं.

"पाणी टेकडीपलीकडे, बाबा," दारात आलेली व्हर्ना म्हणाली. "इथं टायर मिळतात."

तोवर रायनो दुकानात शिरून टायर चेपू लागला होता.

"अरे, देवाचा माणूस टॉवेलवर उभा आहे आणि तू काय चेपतोयस?" एल्मा कडाडली. "व्हर्ना, तू सांग. आणि रायनो, तू तोंड मीट!"

व्हर्नानं अखेर आपलं वाक्य पुरं केलं. "रबर बर्फाचंच, पण बांधणी जड ओझ्याची. दोन्ही जमतं."

"मग बोलली का नाहीस?"

दोघींनी एकदमच जॅककडे बोट दाखवलं. रायनोनं गुपचूप जॅक उचलला.

पाद्रीबाबांना पुन्हा शेगडीपाशी बसवलं, सौना ढिगातून उपसून काढली, नवे टायर चढवले. या खेपेला गाडी बर्फ कचाकचा चावत वर गेली. माथ्यावर पोचताच रायनोनं ती थांबवली आणि उतरून मागच्या खोल, रेखीव चाकोऱ्यांकडे पाहत राहिला. लेकीच्या लग्नातही त्याचे डोळे एवढे भरून आले नव्हते.

आतून धडाधड ठोकण्याचा आवाज आला. "दाजी, बाबा वितळायला लागलेत!"

तळ्यावर पाद्रीबाबांनी खऱ्या पाण्यात उडी मारली. वर येताना त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो काही बायबलातला नव्हता. मंडळींनी टाळ्या पिटल्या, आणि एका म्हातारीनं त्यांच्या हातात कॉफी देत म्हटलं, "आता तुम्ही आमचे झालात."