उभी घासलेली पट्टी

खोल समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर ज्योतीरामने बावीस वर्षं वेल्डिंग केलं. अठ्ठावीस दिवस पाण्यावर, अठ्ठावीस दिवस मोशीच्या घरात. घरी त्याला झोप यायची नाही, जमीन हलत नाही म्हणून.

फलाटावरची सगळी डोकी आता पांढरी झाली होती. नवी पोरं चाकणच्या कंपन्यांत शिफ्ट करत, नाहीतर हिंजवडीला कॅब चालवत; समुद्रावर कोणी येईना. तरी नव्या कंत्राटात अट आली, पंचावन्नच्या पुढचा माणूस नको. ज्योतीरामला छप्पन्नावं लागलं होतं.

माणसं पुरवणारे दादासाहेब म्हणाले, चिखलीच्या शेडमध्ये सहा जण शिकव. पास झाले तर ते जातील. एकही झाला नाही, तर जुन्यांना दोन वर्षं वाढवून मागू.

पाच जण कच्चेच निघाले. सहावी विजयश्री, चाकणजवळच्या शेतकऱ्याची मुलगी. तिने भरलेला पहिला जोड ज्योतीरामने दोनदा उलटून पाहिला. असा हात त्याला ऐन तिशीतही नव्हता.

परीक्षेत जोडाची पट्टी कापून, घासून, यंत्रात वाकवतात; फाटली की नापास. पट्टी लांबीला उभी घासायची. आडवी घासली, तर त्याच ओरखड्यातून चांगला जोडही फाटतो. हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

तिची पट्टी त्याने आडवी घासली.

ती फाटली. विजयश्रीने तुकडा उचलून उजेडात धरला, ओरखड्यांवरून अंगठा फिरवला आणि तो खाली ठेवला. दादासाहेबांनी तिला शेडमध्येच ठेवून घेतलं, पट्ट्या घासायला.

महिन्याभराने मुदतवाढ मंजूर झाली. पण जुन्यांनीही परीक्षा द्यायची होती. ज्योतीरामने तोंडावर वेल्डिंगची काळी काच ओढली आणि जोड भरला. वितळल्या धातूची कड मधूनच पुसट होत होती. डोळ्यांचं त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

पट्टी कापून झाली, तेव्हा विजयश्री हात पुढे करून उभी होती.

"द्या काका."

"राहू दे, मी घासतो."

"आपली आपण घासायची न्हाई, तुमीच सांगितलंय."

दादासाहेब हसले, म्हणाले, चेली गुरूला नियम शिकवायला लागली. ज्योतीरामने पट्टी दिली. त्याची नजर तिच्या मनगटावर खिळली. ती आडवं घासेल, मग तो ओरडेल, सगळ्यांना ओरखडे दाखवेल, पुन्हा परीक्षा मागेल. त्याने शब्दही जुळवून ठेवले.

तिने पट्टी उभी घासली. सावकाश, कडा गोल करून, त्याने शिकवलं होतं अगदी तशी. मग त्याच्या तळहातावर ठेवली.

"बघून घ्या. नंतर बोलायचं न्हाई."

ओरखडे सगळे उभे होते.

यंत्राने पट्टी वाकवली. अर्ध्यावरच ती मधोमध उघडली, आणि आतला न भरलेला काळा पोकळ भाग सगळ्यांनी पाहिला.

विजयश्रीने पुढची पट्टी घेतली.