तेवीसच्या तेवीस

"मॅडम, ट्यूब बदल गई है. पूरा बैच फेंकिए," आमचे लॅबप्रमुख सर म्हणाले.

माझं डोकं सणकलं. बनारसच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलेली मी. निवृत्तीला चार महिने उरलेले, आणि त्या बॅचवरचं प्रत्येक लेबल माझ्या हातचं.

काम वाय क्रोमोझोमचं होतं. तो फक्त बापाकडून मुलाकडे जातो, म्हणून त्यावरून बापाचा वंश मागे शोधता येतो. त्याची एक शाखा प्राचीन इराणी आणि इंडो-आर्य, दोन्ही लोकांत सापडते. ती काशीतल्या मराठी घरांत किती आहे, ते आम्ही पाहत होतो.

दुर्गाघाटावरचे भास्करकाका आणि विष्णुकाका (नावं बदलली आहेत) चुलत-चुलत भाऊ. पणजोबा एकच. म्हणजे वायही एकच हवा. पण भास्करकाकांची ती शाखा निघाली, विष्णुकाकांची भलतीच. दोन्ही ट्यूब पुन्हा चालवल्या. उत्तर तेच.

"दोनों वैदिक घर के हैं. दोनों में वही शाखा होनी चाहिए," सर अडून बसले.

शाखा वेद बघून येत नाही, बाप बघून येते. हे मी मनात म्हटलं. तोंडाने दोन दिवस मागितले.

दोघांचंच रक्त पुन्हा घ्यायला गेले असते, तर संध्याकाळपर्यंत गल्लीत नको ती कुजबुज सुरू झाली असती. त्यापेक्षा मी आमचा फॉर्म पुन्हा वाचला. वडील, आजोबा, पणजोबा, गोत्र. दोन्ही काकांनी श्राद्धात म्हणतात तशी नावं धडाधड सांगितली होती आणि मी ती उतरवून घेतली होती. मराठी घरात वाढून एक प्रश्न मला सुचला नव्हता! स्वतःचीच लाज वाटली.

तो प्रश्न फॉर्ममध्ये घातला आणि सगळ्याच घरांची दारं पुन्हा वाजवली. भास्करकाका ओसरीवर सुपारी कातरत होते.

"काका, घराण्यात कुणी दत्तक आलं होतं?"

"आले ना! माझे वडील. आजोबांना मूल नव्हतं. त्यांच्या भावाला एकच मुलगा, आणि एकुलता एक कोण देतो? मग ब्रह्माघाटावरच्या स्नेह्यांकडून आणलं."

"आधी नाही सांगितलंत?"

"तू पूछलंसच कुठे? रक्त ब्रह्माघाटाचं, पिंड दुर्गाघाटाचे. यात छुपवायचं काय?"

त्यांनी त्या घराचं आडनाव सांगितलं आणि मी उडालेच. त्या घरातल्या एकांचा नमुना त्याच बॅचमध्ये होता!

जवळजवळ पळतच लॅबमध्ये आले. सरांना म्हटलं, "सर, एकतीस नंबर खोलिए, वो ब्रह्माघाट वाला. भास्करजी से मिलना चाहिए. नहीं मिला तो बैच मैं खुद फेंकूँगी."

वायवरच्या तेवीस ठिकाणचे आकडे आम्ही जुळवून पाहतो. सर एकेक वाचत गेले, मी टिक करत गेले. तेवीसच्या तेवीस जुळले. शाखाही तीच.

सरांनी स्वतः उठून बॅच फ्रीजरमध्ये ठेवली. "लेबल आपके हैं, ये मुझे पहले सोचना था," म्हणाले. त्या दिवशी मी सबंध लॅबला लवंगलता मिठाई खिलवली.

आता आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न दत्तकाचा आहे. मशीन बाप अचूक सांगतं. वडील कोण, हे मात्र घरी जाऊनच विचारावं लागतं.