ल्युबेनच्या गाडीचं ऑइल

अहो, त्या उन्हाळ्यात आमच्या मादान गावात दुसरा विषयच नव्हता. ल्युबेननं गिअरबॉक्सचं ऑइल बदलावं की बदलू नये? ज्यांच्या दारात हातगाडीसुद्धा नाही, त्यांनाही ह्यावर मत होतं! मला तर होतंच. मी मिंका, ल्युबेनची शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच अंगण.

ल्युबेन आधी खाणीत होता. तिथेच त्याचा डावा पाय गेला. नकली पाय बसला, पण त्यानं क्लच दाबता येईना, त्या पायाचा उरलेला गुडघाही धड वाकेना, आणि एवढा धिप्पाड गडी खिडकीत बसून रस्ता बघायला लागला. मला ते बघवत नसे. मग कुठूनशी त्यानं एक जुनी ऑटोमॅटिक गाडी पैदा केली. क्लच नाही, डाव्या पायाला कामच नाही! टॅक्सी सुरू केली. गावातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात ने, पोरांना परीक्षेला ने, घाटात शेळी आडवी आली तर तिच्याशीही दोन शब्द बोल. कुणी "पाय कसा आहे रे?" विचारलं की बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "पळतोय की!"

तर त्या उन्हाळ्यात त्याच्या कालिनाचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक. मुलाकडच्यांचं गाव घाटापलीकडे, लग्न तिथल्या चर्चमध्ये. "माझ्या लेकीला मीच नेणार," ल्युबेननं जाहीर केलं. व्याही पानायोत, भरघोस मिशांचा आणि तेवढाच आगाऊ, फोनवर म्हणाला, "ल्युबेनभाऊ, नवी कोरी गाडी पाठवतो. तुमची घाटात बसली, तर नवरी काय चालत येणार?" ल्युबेननं फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

आणि नेमकी तेव्हाच गाडी अडखळायला लागली! गिअर टाकला की क्षणभर गप्प, मग धक्का देऊन पुढे. दुष्काळात तेरावा महिना!

कॉफीच्या दुकानात लगेच दोन तट पडले. "गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, हे ऑइल आयुष्यभरासाठी भरलेलं आहे," एकजण म्हणाला.

"कुणाच्या आयुष्यभर?" मी विचारलं. "गाडीच्या, ल्युबेनच्या, की पुस्तक लिहिणाऱ्याच्या? तो कधी आपला घाट चढलाय का?"

"तू गप गं, मिंके. चालत्या गाडीला खीळ घालू नये. माझ्या मेव्हण्यानं बदललं, आणि आठवड्यात गिअरबॉक्स बसला! जुन्या घाणीवरच तगून होता तो."

ल्युबेन सगळ्यांचं ऐकायचा आणि कॉफी गार करून प्यायचा. रात्री झोप नाही, हे मला भिंतीपलीकडून त्याच्या येरझाऱ्यांवरून कळायचं.

त्यातच त्याची बायको स्टामेना लेकीच्या पोशाखासाठी प्लोवदिव शहरात गेली. ती गेल्यावर मी अंगण झाडायला निघाले, तर गाडी उभी राहते तिथं फरशीवर तपकिरी-लाल डाग! बोट लावलं, तर तेलकट. "ल्युबेन!" मी अशी ओरडले की कोंबड्या कुंपणावर चढल्या. "अरे, तुझ्या गाडीला गळती लागलीय!"

"काहीतरीच! इतकी वर्षं कधी डाग दिसला नाही."

दिसेल कसा! आमच्याकडे माणूस कामाला निघाला की त्याच्या वाटेत पाणी ओततात, सगळं पाण्यासारखं सुरळीत वाहावं म्हणून. स्टामेनाचा नवऱ्यावर भारी जीव. बाकीच्या बायका पेलाभर ओततील, ही अख्खी बादली! रोज सकाळी गाडी हलली की बादली त्याच फरशीवर. बिचारी शुभ व्हावं म्हणून ओतायची, आणि रात्रभर थेंबथेंब गळलेलं ऑइल धुऊन गटारात जायचं. हसावं की रडावं मला कळेना. ल्युबेन मात्र मटकन पायरीवर बसला.

क्रस्त्यो मेकॅनिकला बोलावलं. त्याच्यामागून कॉफीच्या दुकानातलं सगळं शहाणपण आमच्या अंगणात येऊन उभं राहिलं. क्रस्त्योनं इंजिन गरम करून चालूच ठेवलं, गिअरबॉक्समधली ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली, पुसली, परत आत घालून काढली आणि पांढऱ्या कागदी रुमालावर टेकवली. ऑइल खुणेच्या बरंच खाली. नवं असताना चेरीच्या रसासारखं लाल असतं ते, आता काळपट चहा झाला होता. रुमाल हातोहात फिरला. जो तो हुंगतोय! रस्त्यानं चाललेले पाद्रीबाबा थांबले, त्यांनीही हुंगला आणि गंभीर चेहऱ्यानं पुढे दिला.

"खालच्या ऑइलच्या चेंबरचं पॅकिंग गेलंय, तिथूनच गळतंय," क्रस्त्यो म्हणाला. "ते तर बदलायचंच, आणि त्यासाठी ऑइल काढावं लागणार. पण जुनंच ऑइल परत ओतून वर थोडी भर घालू, की नवं भरू? खरं सांगू का, ल्युबेनकाका? माझीच छाती धडधडतेय. नवं भरलं आणि गिअरबॉक्स बसला, तर काकू मला जिवंत सोडणार नाही. आत्ता कसातरी चालतोय. लग्न होऊ द्या, मग बघू."

"बरोब्बर!" सगळे एका सुरात ओरडले. "उभं आहे तोवर हात लावू नये!"

तशी ल्युबेन ताडकन उठला. त्याचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "हेच! अगदी हेच शब्द! खाणीत वरचा लाकडी टेकू करकरत होता. मी म्हटलं, बदलू या. मुकादम म्हणाला, उभा आहे ना? मग हात लावू नकोस. आणि मी ऐकलं त्याचं!" त्यानं नकली पायावर मूठ आपटली.

मग त्यानं तो रुमाल नाकाशी धरला आणि डोळे मिटले. "जळका वास नाही. क्रस्त्यो, बोटाला कचकच लागते का रे?"

"नाही, काका."

"मग वेळ गेलेली नाही. जळलं असतं, चुरा आला असता, तर मीही भ्यालो असतो. काळं झालंय, पण मेलेलं नाही. बदल. आजच!"

काय सांगू, जत्रा भरली आमच्या अंगणात! मी चीज भरून भाजलेल्या बानित्साचा तवाच बाहेर आणून ठेवला. क्रस्त्यो गाडीखाली, काळं ऑइल टबात, ऑइल गाळायची नवी जाळी, नवं पॅकिंग. "एका वेळी सगळं निघत नाही," तो खालून ओरडला. "निम्मं आतच राहतं. थोडे दिवस चालवा, मग पुन्हा एकदा बदलू. हळूहळू सवय होऊ दे त्याला." मग नवं लाल ऑइल नरसाळ्यातून आत गेलं. ल्युबेन स्टिअरिंगवर बसला. क्रस्त्योनं छातीवर क्रॉस काढला, आणि मीही. गिअर टाकला... आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली! धक्का नाही, काही नाही! मेव्हणेवाला पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "आठवडा जाऊ दे, मग सांगा." गेला की आठवडा! दुसऱ्यांदाही बदललं, तरी गाडी ठणठणीत. स्टामेना परतली, तिला सगळं कळलं. ती बादली हातात धरून रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी फाटकाबाहेर ओतायला लागली.

लग्नाच्या दिवशी मी पुढे बसले, मागे कालिना आणि स्टामेना. पानायोत आपली नवी गाडी घेऊन न्यायला आला होताच, तो आमच्या मागे. हॉर्नचा नुसता कल्लोळ! घाटातल्या उभ्या चढावर मेंढ्यांचा कळप आडवा आला, सगळी वरात थांबली. मेंढ्या गेल्या. ल्युबेननं ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी चढायला लागली. मागे पानायोतची क्लचवाली गाडी मात्र घसरतेय, बंद पडतेय, क्लच जळल्याचा वास थेट आमच्यापर्यंत! मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "व्याहीबुवा, ढकलायला येऊ का?" ल्युबेन हसला नाही. त्याचे कान गिअरबॉक्सकडे लागले होते.

चर्चच्या अंगणात पोचलो. पानायोतही आला घामाघूम होऊन. फोटो झाले, पाद्री दारात येऊन उभे राहिले, आणि ल्युबेन गाडीपासून हलेना. लेक हात पुढे करून उभी, आणि हा वाकायला बघतोय. गुडघा वाकेना. दाराला धरून पुन्हा खटपट केली, तरी नाही. सगळे बघायला लागले. "काय हरवलं का, ल्युबेनभाऊ?" पानायोतनं विचारलं.

मला कळलं होतं, पण मी पुढे होईपर्यंत कालिनानं तो पांढराशुभ्र घेर दोन्ही हातांनी गोळा केला, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर मातीत गुडघे टेकून तिनं गाडीखाली डोकं घातलं.

"कोरडं आहे, बाबा!" ती खालूनच ओरडली. "एक थेंबसुद्धा नाही!"

ल्युबेननं हात देऊन तिला उठवलं. स्टामेना धूळ झटकायला धावली, तर त्यानं तिला अडवलं. "राहू दे," तो म्हणाला, आणि गुडघ्यांवर मातीचे डाग पडलेल्या नवरीला घेऊन चर्चच्या पायऱ्या चढायला लागला.