वहीतला पत्रकार

काशीत मेलेल्याला मोक्ष मिळतो म्हणतात. पण आमच्या थोरल्या काकांना आपलं गाव आणि आजोबांचं नाव न सांगता मेलेल्याला तो मिळत असेल, यावर माझा विश्वास नाही. काका रामघाटावरचे तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून आलेला यात्रेकरू दिसला की कोण, कुठला, कोणाचा कोण हे विचारायचं आणि त्याच्या पूर्वजांच्या सह्यांची वही उघडायची, हे त्यांचं पिढीजात काम. पण हेच प्रश्न ते पोस्टमनला, दूधवाल्याला आणि माझी नाडी बघायला आलेल्या डॉक्टरलाही विचारत. डॉक्टर पणजोबांचं नाव आठवत बसले, तोवर माझा ताप आपोआप उतरला.

नव्वद सालानंतरची गोष्ट. कॉलेजात माझा मुख्य विषय घरच्यांच्या आग्रहाचा, संस्कृत. जोडविषय माझ्या हौसेचा, पत्रकारिता. चार तास झाले नाहीत तोच मी खांद्याला झोळी अडकवली, उगवली तेवढी दाढी वाढवली आणि आईने कोणती भाजी केली आहे, हेही 'सूत्रांकडून समजतं' असं सांगू लागलो. काका म्हणत, "अरे, कोण आला, कुठून आला, हेच ना लिहायचं? ते आम्ही सात पिढ्या लिहितोय. त्याची कसली पढाई?"

जोडविषयात पास व्हायला एका सामान्य माणसाची मुलाखत लिहून द्यायची होती. दशाश्वमेधावर मी साताऱ्याकडचे एक म्हातारे गृहस्थ गाठले.

"गंगामाईला बघून कसं वाटतं?"

"बरं वाटतं."

"म्हणजे नेमकं कसं?"

"बरंच की."

माझी गाडी तिथेच रुतली. तेवढ्यात काका आले, तीन प्रश्न विचारून म्हाताऱ्यांना घरी घेऊन गेले आणि वही उघडली. म्हाताऱ्यांच्या वडिलांची सही निघाली. वडील गेले तेव्हा हे दोन वर्षांचे. बापाचं अक्षर आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. सहीवरून बोट फिरवत ते रडले आणि मग तासभर घडाघडा बोलत राहिले.

मी लिहिलंही झकास. गंगेला दीड पान दिलं, अश्रूंना अर्धं. सरांनी लाल शाईने एकच शब्द लिहून कागद परत केला: 'नाम?' मी सगळीकडे 'एक वृद्ध यात्री' लिहून ठेवलं होतं. सर म्हणाले, "कल तक नाम ले आइए, वरना फेल समझिए." म्हातारे तर केव्हाच गावी परतले होते.

नाक मुठीत धरून काकांकडे गेलो. ते गल्लीभर सांगत सुटणार, अशी मनाची तयारी ठेवली होती. त्यांनी मुकाट्याने पान काढून पुढ्यात धरलं. म्हाताऱ्यांचं नाव, मुलानातवंडांची नावं, गाव, तालुका, सगळं होतं. खाली काकांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: 'या समयी आमचा पुतण्या, पत्रकार, हजर होता.'

"काका, मी अजून पास कुठे झालोय?"

"मग हो ना बेटा. वहीत आपण कधी झूठ लिहीत नाही."

पास झालो, काठावर. पुढे बँकेत चिकटलो. काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते. त्यांच्या अख्ख्या वहीत खोटी ठरलेली नोंद ती एकच, आणि ती मी खोटी पाडली.